बाईच्या चालण्याला कारण कशाला हवं?

बाईने पायी लांब जायला आपल्या समाजाची कधीच ना नव्हती. उलट तिने चालावं अशीच सगळी रचना आहे. पाण्याला जावं, सरपणाला जावं, वावरात जावं, आठवडी बाजाराला जावं. देवासाठी तर कितीही चालावं. आमच्या कारंजा (घाडगे) पासून फार लांब नसलेल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. त्या वाटेवर आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या बायांना कुणी अडवत नाही, वाटेतल्या गावात त्यांचे पाय धुतले जातात. मोर्चासाठीही बाईने चाललेलं आता चालतं. पुढाऱ्यांना तर गर्दीसाठी बायाच हव्या असतात.

एकच चालणं खपत नाही. स्वतःच्या मर्जीने, मैत्रिणींबरोबर, डोक्यावर काही नाही, कुणाचा नवस नाही, कुणाकडे मागणी नाही, असं नुसतं चालणं.

हे लिहायचं निमित्त असं की गेल्या जानेवारीत, कापसाची वेचणी सरत आली तेव्हा, आमच्या गटातल्या सात जणी कोकणात जाऊन दापोली तालुक्यात केळशीपासून दाभोळपर्यंत समुद्राच्या कडेकडेने पाच दिवस चाललो. तिघी शेतमजूर, एक अंगणवाडी सेविका, एक शिलाईकाम करणारी, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. पाच जणींनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. हे प्रवासवर्णन नाही. जायचं ठरल्यापासून परत येईपर्यंत आम्हाला जे प्रश्न विचारले गेले, त्यांचा विचार चळवळीतल्या मैत्रिणींनी करावा असं वाटतं, म्हणून हा लेख.

गावातला पहिला प्रश्न सरळ होता. “कायले जाता वं तिकडे? देव हाय का तिथं कोनता?” दुसरा जरा खोचक. “पायीच हिंडाचं तं वावर काय कमी हाय?” तिसरं वाक्य एसटी स्टँडवरच्या पुरुषांचं. “अर्धं तिकीट झालं तवापासून बाया घरात टिकतच नाही.” मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली, तेव्हापासून हा विनोद आमच्याकडे फार चालतो. विनोद म्हणून तो सोडून देऊ नये. बाई घराबाहेर दिसण्याचं प्रमाण थोडं वाढलं तर ते किती डोळ्यांत सलतं, हे त्यातून कळतं.

पण ज्या प्रश्नाने आम्हाला जास्त अडवलं तो आपल्याच माणसांकडून आला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या नावावर अजून सातबारा होत नाही. दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यात दारू घरपोच मिळते. परित्यक्तांचे पोटगीचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत. अशा वेळी कार्यकर्त्यांनी समुद्रावर फिरायला जायचं? हे मध्यमवर्गीय चोचले नाहीत का?

प्रश्न गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिलं पाहिजे. त्यासाठी आधी थोडं मागे जाते, कारण वर्धा जिल्ह्यात राहून चालण्याचा विषय इतिहासाशिवाय बोलता येत नाही.

चालण्याने राजकारण बदलतं हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणी पाहिलं नसेल. विनोबा मार्च १९५१ मध्ये सेवाग्रामहून पायी निघाले, पुढच्या महिन्यात तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना भूदान मिळालं आणि ते चालणं तेरा वर्षं थांबलं नाही. त्याआधी गांधी. १२ मार्च १९३० रोजी स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही असं सांगून ते साबरमतीहून निघाले. १९३६ पासून ते आपल्या सेवाग्रामात राहिले, त्याचं एक मूळ त्या चालण्यात आहे. चोवीस दिवस, २४१ मैल, म्हणजे सुमारे ३८५ किलोमीटर. शेवटी दांडीचा समुद्र. समुद्राच्या दिशेने सोबत्यांसह केलेली इतकी गाजलेली पदयात्रा आपल्या देशात दुसरी नाही. आणि त्या निवडलेल्या ७८ सोबत्यांत एकही बाई नव्हती.

हे चुकून झालेलं नव्हतं. गांधींनी तसं ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रज सहसा बायकांवर हात टाकणार नाहीत, तेव्हा बायकांना पुढे करणं म्हणजे त्यांच्या आडून लढणं होईल, आणि ते भ्याडपणाचं आहे. बायकांसाठी त्यांनी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करण्याचं काम वेगळं काढून ठेवलं. मार्गारेट कझिन्स आणि खुर्शेदबेन नौरोजी यांनी याचा निषेध केला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी तर वाटेत गांधींना गाठून बायकांना मिठाच्या सत्याग्रहात मोकळीक मागितली. त्या मोकळिकीनंतर ६ एप्रिलला मुंबईत मीठ करायला निघालेल्या पहिल्या तुकडीत कमलादेवी होत्या आणि आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. पुढच्याच महिन्यात, २१ मे रोजी, धारासणाच्या मिठागरावर लाठ्या झेलणाऱ्या सत्याग्रहींचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं.

आमच्या विदर्भाला समुद्र नाही. तरी एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला, कारण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचं पाणीच खारट आहे. समुद्र नसेल तर विहिरीतून मीठ काढायचं, ही इथली रीत. हे मुद्दाम सांगते, कारण “आपल्याकडे कुठे समुद्र आहे, आपल्याला काय करायचंय?” हेही आम्हाला ऐकवलं गेलं.

या इतिहासातून मला दिसतं ते असं. बाईला चालण्याची मोकळीक मिळाली ती मागून मिळाली, आणि दर वेळी त्यासाठी तिला मोठं कारण पुढे करावं लागलं. स्वराज्य हे कारण होतं. सर्वोदय हे कारण होतं. १९६७ मध्ये चार जणी विनोबांच्या प्रेरणेने लोकयात्रेला निघाल्या आणि बारा वर्षं देशभर पायी हिंडल्या. बायकांनी केलेली इतकी लांब पदयात्रा मला दुसरी माहीत नाही. तरी आपल्या शाळांच्या पुस्तकांत दांडी असते आणि या चौघी नसतात. असो. त्यांच्याही चालण्याला व्रताचं बळ होतं, ब्रह्मचर्याचं कवच होतं. ज्या बाईकडे व्रत नाही, पुढारीपण नाही, जिला फक्त चार दिवस घरापासून लांब चालावंसं वाटतं, तिने कुणाच्या नावाने निघायचं?

आता चोचल्यांचा मुद्दा. कष्टकरी बाई रोज चालतेच, तिला आणखी कशाला चालवता, असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. ती चालते तेव्हा तिच्या डोक्यावर, कडेवर किंवा मनावर ओझं असतं आणि परतायची वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. घरकामात हात लावणारा पुरुष घालवतो ८८ मिनिटं. म्हणजे रोजचे तीन तास वीस मिनिटं तिच्या आयुष्यातून जास्तीचे जातात. पुरुषाला तेवढा वेळ पारावर, पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर मिळतो आणि त्याचं कारण त्याला कुणी विचारत नाही. फुरसत ही मध्यमवर्गाची चैन वाटते ती बाईच्या बाबतीतच. मजूर पुरुष पारावर बसला तर तो चोचले करतो असं कुणी म्हणत नाही.

मात्र एक खरं आहे. फुरसतीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पाच दिवस चालणं आणि दोन्ही बाजूंचा प्रवास मिळून आमच्या मजूर मैत्रिणींची नऊ दिवसांची मजुरी बुडणार होती. शिक्षिकाबाईंचं निवृत्तिवेतन बुडणार नव्हतं. हा फरक झाकून “आपण साऱ्या सारख्या” म्हणत निघालो असतो तर ती खरोखरच चैन ठरली असती. म्हणून गटाने वर्षभर भिशीसारखे पैसे जमवले आणि त्यातून आधी तिघींची बुडणारी मजुरी काढून ठेवली. मगच तिकिटाचा विचार केला. ज्या गटांना असं काही करायचं असेल त्यांना माझी सूचना हीच राहील, की खर्चाच्या यादीत पहिली ओळ मजुरीची असू द्या.

दुसरी ओळ घराची. मागे स्वयंपाक कोण करणार, म्हाताऱ्या सासूला औषध कोण देणार, शेळ्या कोण सोडणार? पाच घरांत हे काम शेजारणीवर नाहीतर मोठ्या मुलीवर गेलं. दोनच घरांत नवऱ्याने भाकरी थापल्या. एक बाई बाहेर पडली की तिचं काम दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतं, ही आपली जुनी अडचण. ती सुटल्याशिवाय कुठलंही बाहेर पडणं पूर्ण होत नाही. पण मोठ्या मुलीच्या जागी मोठ्या मुलाने चूल पेटवावी, हा वाद त्या घरांत निदान सुरू तरी झाला. आमच्या कित्येक शिबिरांतल्या भाषणांनी तो सुरू झाला नव्हता.

आता वाटेबद्दल थोडं. कोकणचा किनारा म्हणजे सलग वाळू नव्हे. मधे कातळ येतो, खाडी येते, डोंगराची नाकं सरळ पाण्यात उतरतात आणि मग चढून सड्यावरून जावं लागतं. आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावं लागतात. वाळूवरून केव्हा चालायचं हे घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते. कोकणात साधा हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला साधारण सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. दर तिथीला पाऊण तास पुढे. आमच्यातली जी बाई एकादशी-चतुर्थी कधी चुकवत नाही, तिने हा हिशेब पहिल्याच दिवशी पाठ केला आणि पाचही दिवस निघायची वेळ तिनेच ठरवली. तिला सही करता येते, बाकी लिहिता-वाचता येत नाही. एरवी गटाच्या बैठकीत ती कोपऱ्यात बसते. नेतृत्व कुठे लपलेलं असतं ते प्रशिक्षणांतून कळत नाही, असं पुष्कळदा होतं.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तिथल्या मासळीवाल्या बायांनी आम्हाला तोच प्रश्न केला: कशाला चालता? आमच्या मजूर मैत्रिणींनी त्यांना कापूस वेचणीचं सांगितलं, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात हे सांगितलं. त्यांनी टोपलीचं ओझं, बर्फाचा भाव आणि डिझेलचा भाव सांगितला. समुद्र त्यांच्या दारात आहे, पण समुद्राकडे नुसतं पाहत बसायला त्यांनाही वेळ नाही. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर त्यांच्यातली कुणी बसलेली दिसली नाही. तेव्हा हा प्रश्न एकट्या वऱ्हाडातला नाही. किनाऱ्यावरच्या बाईलाही किनारा कामापुरताच मिळतो.

मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. विद्यार्थी असताना ते परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर इथून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. शिकण्यासाठी मुलाने चालत जाणं हा आदर्श. त्याच काळात त्याच गावातल्या मुलीला उंबऱ्यापासून विहिरीपर्यंतच चालायला मुभा होती. पुढे १८९३ मध्ये कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, विधवेशी, लग्न केलं, तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. ज्या गावाच्या वाळूवरून आम्ही सात जणी, त्यात दोन विधवा, मोठ्याने हसत गेलो, त्या गावात एकेकाळी हे घडलं होतं. १९१६ मध्ये याच कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. बाईला शिकण्यासाठी बाहेर पडायचा हक्क अशा झगड्यातून मिळाला. कारणाशिवाय बाहेर पडायचा हक्क अजून मिळायचा आहे.

सुरक्षिततेचं काय, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला आणि तो खोटा नाही. एका मुक्कामी खोली देताना मालकाने विचारलं, “बरोबर जेन्ट्स कोण आहे?” कुणी नाही म्हटल्यावर त्याने खोली नाकारली. अंधार पडत होता. शेवटी एका बाईच्या घरी, तिच्या ओटीवर आम्ही झोपलो. म्हणजे असुरक्षित केलं कुणी? समुद्राने नाही, वाटेनेही नाही. बाईबरोबर पुरुष नसला तर तिला छप्पर द्यायचं नाही, या रिवाजाने केलं. आणि असा रिवाज आपल्या घरांतही पाळला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा देशातल्या फक्त ४२ टक्के बायकांना आहे असं आढळलं. निम्म्याहून जास्त बायकांना या तिन्हींपैकी कुठे ना कुठे विचारून किंवा सोबत घेऊन जावं लागतं. त्यांना सुरक्षिततेच्या नावाने घरात ठेवलं जातं, आणि मार खाणाऱ्या बायका तो बहुतेक त्याच घरात खातात हे आपल्या सल्ला केंद्रांच्या नोंदवह्या सांगतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हाच मुद्दा मांडला. बाईला शहरात काही काम नसताना रेंगाळता आलं पाहिजे, आणि तिने संरक्षणाऐवजी धोका पत्करायचा हक्क मागितला पाहिजे. मुंबईत निदान गर्दी आहे, गर्दीत ओळख पुसते. कारंज्यासारख्या गावात बाई दोनदा त्याच रस्त्याने गेली तर चर्चा होते. दलित बाई गेली तर वेगळी, मुसलमान बाई गेली तर वेगळी, टाकलेली बाई गेली तर आणखी वेगळी. म्हणून गावात हा हक्क एकटीने मागणं अवघड आणि सात जणींनी मिळून मागणं थोडं सोपं. मैत्री इथे उपयोगी पडते. नातं सांगता येईल अशी सोबत समाजाला चालते: नवरा, भाऊ, मुलगा. मैत्रीण ही सोबत म्हणून धरलीच जात नाही. “एकट्याच गेल्या होत्या सात जणी,” असं आमच्याबद्दल गावात बोललं गेलं. सात जणी, आणि तरी एकट्या! हे वाक्य नीट ऐकलं तर आपलं सगळं व्याकरण त्यात सापडतं.

चालणं ही सरकारने सोय करण्याजोगी गोष्ट आहे असं म्हटलं की लोक हसतात. वेल्स या छोट्या देशाने २०१२ मध्ये आपल्या सगळ्या किनाऱ्यालगत सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट खुली केली. इंग्लंडने २००९ मध्ये कायदा करून किनाऱ्याने चालण्याचा हक्क मान्य केला. आपल्या कोकणात रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम चालू आहे. तो गाड्यांसाठी आहे. त्याच्या कडेला पायवाट असावी, गावागावात बायकांना एकटीने उतरता येईल अशी स्वस्त खोली असावी, स्वच्छतागृह असावं, संध्याकाळची शेवटची एसटी रद्द होऊ नये, हे कुणी मागितलेलं माझ्या ऐकण्यात नाही. ही मागणी पर्यटकांची समजू नका. मासळीची टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईला आणि परीक्षेला जाणाऱ्या मुलीलाही तेच लागतं.

आणि मागण्या करण्याआधी आपल्या गटांनी काही ठरवावं. आपण वर्षातून मोर्चे काढतो, धरणी धरतो, शिबिरं घेतो. प्रत्येक गटाने वर्षातून एकदा तीन दिवसांची तरी पायी वाट धरावी. समुद्र परवडत नसेल तर आमच्याकडे बोर धरणाच्या बाजूची गावं आहेत, तुमच्याकडे दुसरी नदी असेल, दुसरा डोंगर असेल. वाटेत घोषणा नकोत, पत्रकं नकोत, अहवाल लिहायचा नाही. बुडालेली मजुरी सगळ्यांनी मिळून भरायची आणि घरचं काम पुरुषांकडेच सोपवायचं, एवढे दोन नियम पुरेत.

याने सातबारा बाईच्या नावावर होणार नाही, हे मला माहीत आहे. पण तलाठ्याच्या कार्यालयात चौथ्यांदा खेप घालायला जी बाई उठते, तिचे पाय तिचे स्वतःचे आहेत हे तिला कधीतरी कळलेलं असावं लागतं. आमच्यातल्या दोन विधवांपैकी एकीच्या जमिनीचा फेरफार अजून अडकलेला आहे. परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती तहसिलीत गेली. दिराला सोबत बोलावलं नाही. तिच्याबरोबर आम्ही तिघी गेलो, आणि तिथल्या बाबूने “तुमच्या घरचं कोणी नाही आलं काय?” असं विचारल्यावर तिने आमच्याकडे बोट दाखवलं.